पेन ड्राइव्ह लावला म्हणजे कवचकुंडलं मिळाली नाहीत

‘टेल्स पेन ड्राइव्हवर टाका, कुठल्याही संगणकाला लावा, बिनधास्त बँकिंग करा. व्हायरस नाही, हॅकर नाही, पोलिसांनाही पत्ता लागणार नाही.’ खाली ‘तयार फाइल’ म्हणून गुगल ड्राइव्हची लिंक. एरवी असले मेसेज मी वाचतही नाही. पण आमचे मामा हा वाचून झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर पेन्शनचं खातं उघडायला निघाले, म्हणून लिहिणं आलं.

खरं तेवढं आधी मान्य करतो. टेल्स म्हणजे विंडोजच्या जागी पेन ड्राइव्हवरून चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम. ते हार्ड डिस्कला हात न लावता चालतं, काम सगळं रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत. बंद केलं की मागे काही उरत नाही. विंडोजमधला व्हायरस तेवढा वेळ झोपलेलाच राहतो. ब्रायन क्रेब्स या पत्रकारानं २००९ मध्येच बँकिंगसाठी लाइव्ह सीडी, म्हणजे अशीच पण सीडीवरून चालणारी सिस्टिम, सुचवली होती.

आता ती लिंक. अहो, सुरक्षिततेसाठी अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायची आणि ती कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या ड्राइव्हवरून? त्यानं आत काय घुसडलंय कोण जाणे. पासवर्ड तुम्ही त्याच्याच सिस्टिममध्ये टाकणार! टेल्स फुकट आहे, त्यांच्या संकेतस्थळावरून थेट मिळतं आणि उतरवलेली फाइल अस्सल आहे का, हे तिथेच तपासता येतं. शिवाय नवी आवृत्ती साधारण दर महिन्याला येते. गुगल ड्राइव्हवरची शिळी प्रत म्हणजे ब्राउझरमधली जगजाहीर भोकं तशीच उघडी.

‘कुठलाही संगणक’? टेल्सवाल्यांनीच धोक्यांचं वेगळं पान लिहिलंय, ते मेसेज लिहिणाऱ्यानं उघडलेलं दिसत नाही. बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) किंवा हार्डवेअरमध्ये कुणी गडबड केली असेल तर आमचा इलाज नाही, असं ते स्वतःच सांगतात. कीबोर्डची वायर आणि यूएसबी पोर्ट यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढा कीलॉगर बसवला की प्रत्येक कळ नोंदली जाते, वर सिस्टिम कुठलीही असो. दुकानात सीपीयूमागे वाकून बघतो कोण?

त्यात टेल्सचं इंटरनेट टॉरमधून जातं, म्हणजे ठावठिकाणा लपवायला जगभरच्या संगणकांमधून फिरवून नेणाऱ्या जाळ्यातून. मामा बसणार साताऱ्यात आणि बँकेला लॉगिन दिसणार जर्मनीतून! खातं गोठलं तर पेन्शनसाठी शाखेत खेटे घाला. आणि तोतया ‘बँक अधिकाऱ्या’ला फोनवर ओटीपी सांगितलात तर टेल्स काय करणार, कपाळ?

राहिले पोलीस. २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्यानं परीक्षा टाळायला बॉम्बची खोटी धमकी टॉरवरून पाठवली, पण विद्यापीठाच्याच वायफायवरून. त्या वेळी तिथून टॉर कोण वापरत होतं, हे नोंदींवरून कळलं आणि तो सापडला.