जिभेखालची गोळी खिशात असेल तर…

पुरुषांच्या लैंगिक ताठरतेच्या गोळ्यांवरचा तुमचा लेख आवडला, पण छातीत दुखण्यावर जिभेखाली ठेवतात त्या नायट्रेट गोळीचा विषय तुम्ही एका ओळीत उरकलात. मी इंदूरला बरीच वर्षं मेडिकल चालवलं. गिऱ्हाईक आजूबाजूला बघायचं आणि हळूच, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी मागायचं. मी आधी विचारायचो, "काका, जिभेखाली ठेवायची गोळी जवळ असते का?" असली तर साफ नकार. दोन्ही मिळून रक्तदाब इतका कोसळतो की जिवावर बेततं. टाडालाफिल या तशाच दुसऱ्या गोळीचा अंमल तर ३६ तासांपर्यंत टिकतो, म्हणजे "ती तर काल घेतली होती" म्हणूनही सुटका नाही. छातीत दुखून दवाखान्यात जावं लागलं तर लाज सोडून डॉक्टरांना हे आधी सांगा.

दुसरी नेहमीची तक्रार, "गोळी लागूच पडली नाही." अहो, इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात तळलेला गराडू कंद आणि तुपातली जिलबी हाणून सिल्डेनाफिल घेतलीत तर ती उशिराच चढणार! शिवाय ती रक्तपुरवठा वाढवते, इच्छा नाही. आणि ताठरतेच्या तक्रारीमागे कधी मधुमेहही असतो: चिठ्ठी आणायला डॉक्टरांकडे पिटाळलेल्यांपैकी दोघातिघांची साखर भलतीच वाढलेली निघाली, त्यांना तोवर पत्ताच नव्हता.