मला वारीचा गेम हवाय

गेम खेळणारी मराठी माणसं एकत्र जमली की एक प्रश्न निघतोच. अजून कुणी काढला नाही, पण यावा असं मनापासून वाटतं, असा तुझा गेम कोणता? उत्तर बहुतेकांचं एकच असतं : शिवकाळ. सगळा सह्याद्री मोकळा फिरायला, राजगडावरून तोरण्याकडे घोडा काढायचा, अमावस्येच्या रात्री कडा चढायचा. २०२० मध्ये ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ आला आणि ही मागणी आणखी जोरात व्हायला लागली. अमेरिकेतली मंडळी तेराव्या शतकातलं जपानी बेट एवढा जीव लावून उभं करतात, मग आपले गड का नाही? २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा पुन्हा तीच चर्चा. तो गेम आला तर पहिल्याच दिवशी विकत घेणाऱ्यांत मी असेन. पण माझ्या मनातला गेम वेगळा आहे, आणि २०२० पासून तो बदललेला नाही.

मला वारीचा गेम हवाय. आळंदी ते पंढरपूर, पायी.

२०२० च्या आषाढात पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. माझ्या आईची त्याआधी सलग एकोणीस वर्षं वारी झाली होती. दशमीच्या दिवशी फुलांनी सजवलेली एसटी टीव्हीवर दिसली. आईने उभं राहून हात जोडले, बस पडद्यावरून जाईपर्यंत तशीच उभी राहिली, मग टीव्ही बंद करून गहू निवडायला बसली. दिवसभर कुणाशी बोलली नाही.

त्या रात्री मी ‘जर्नी’ खेळत होते. २०१२ चा गेम आहे, दोनेक तासांत संपतो. लाल झगा घातलेलं एक माणूस, समोर वाळवंट, आणि लांबवर उजेड असलेला डोंगर. त्या डोंगराकडे चालत जायचं, एवढंच. आई मागे येऊन बसली आणि म्हणाली, “कुठे निघालाय गं हा?” म्हटलं, त्या डोंगराकडे. “तिथे काय आहे?” मी म्हटलं, जायचं एवढंच माहीत असतं. तिला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही.

वाटेत तसंच लाल झग्यातलं आणखी कुणीतरी भेटतं. जगात कुठेतरी त्याच वेळी खेळत असलेला खराखुरा माणूस असतो तो. त्याचं नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, लिहिता येत नाही. एक सूर तेवढा काढता येतो. शेवटी बर्फात दोघं गारठतात आणि एकमेकांना चिकटून चाललं तरच अंगात थोडी ऊब राहते. मी मागे पडले, तो पुढे जाऊन थांबला. आई म्हणाली, “अगं, थांबलाय बघ तो तुझ्यासाठी. जा की पटकन.” गेम संपल्यावर वाटेत भेटलेल्यांची नावं पडद्यावर येतात. बरीच होती. मी थक्क झाले, कारण मला सुरुवातीपासून एकच सोबती आहे असं वाटत होतं. आई म्हणाली, “वारीत असंच असतं. सकाळी एकीचा हात धरून निघावं, दुपारी बघावं तर हात दुसरीचा.”

तेव्हापासून मी हा गेम मनात रचतेय.

‘जर्नी’ घडवताना झालेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सुरुवातीला त्यात दोन खेळाडू एकमेकांना अडू शकायचे, धक्का लागायचा. झालं काय, तर लोक एकमेकांना ढकलायलाच लागले. मग त्यांनी धक्का लागणंच काढून टाकलं आणि एकमेकांजवळ आलं की बळ मिळेल असं केलं. माणसं तीच, पण वागणं बदललं. हाताला जे दिलं, त्याचंच माणूस काहीतरी करतो. तलवार दिली तर मारेल. टाळ दिले तर काय करेल, हे अजून कुणी करून बघितलेलं नाही.

आणि नियम नव्याने शोधायलाही नकोत, ते तयार आहेत. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्याला आजचं रूप १९व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिलं. त्यांनी घालून दिलेली शिस्त इतकी नेमकी आहे की ती वाचताना मला एखाद्या चांगल्या गेमचा आराखडा वाचतेय असं वाटतं. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीची जागा ठरलेली. कुठल्या प्रहरी कुठले अभंग, तेही ठरलेलं. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मधे मृदंग, मग वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. वीणा जमिनीवर टेकवायची नाही. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि पाया पडायचं. हे गेममध्ये कसं होईल विचार करा. वीणा तुमच्याकडे आहे, तुम्हाला उठून जायचंय, तर आधी दुसरा माणूस शोधा, त्याच्या जवळ जा, वीणा द्या, वाका. अनोळखी माणसाला वाकून नमस्कार करायला लावणारा गेम मी आजवर पाहिलेला नाही.

सगळ्यात सुंदर आहे ती समाज आरती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. संध्याकाळी पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एका वेळी वाजत असतात. सोहळ्याची शिस्त राखणारा चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंच धरतो, आरोळी देतो, आणि एका क्षणात सगळं शांत होतं. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. त्या शांततेत तेवढेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो. दिवसभरात काय हरवलं, काय सापडलं, हेही तिथेच पुकारतात. मग आरती, मग उद्या किती वाजता निघायचं ते.

मी पहिल्यांदा लोणंदच्या तळावर हे पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. लाखोंच्या गर्दीतल्या एका लहान दिंडीला पाणी मिळालं नाही, तर तिचे वीस टाळ सगळ्यांना ऐकू जातात. ऑनलाइन गेममध्ये तक्रार म्हणजे एक बटण, दाबलं की ती कुठे जाते ते कुणालाच कळत नाही. इथे सगळे खेळाडू गप्प उभे आहेत आणि एका कोपऱ्यातून टाळ ऐकू येतायत. चांगला इयरफोन लावून बसलेल्या खेळाडूला त्या आवाजाची दिशाही कळेल.

नुसतं चालण्यात कसला खेळ, असं कुणी म्हणालं की मी ‘डेथ स्ट्रँडिंग’चं नाव घेते. २०१९ मध्ये आलेला तो एवढा मोठा गेम मुख्यतः पाठीवर ओझं घेऊन चालण्याचाच आहे. ओझं एका बाजूला झुकलं की तोल जातो, बूट झिजतात. दुसऱ्या खेळाडूने लावलेली शिडी आपल्या वाटेत येते, तो माणूस मात्र दिसत नाही. हे सगळं वारीत आधीपासून आहे. दिवे घाटाचा दिवस घ्या. पुण्याहून सासवड, सगळ्या वाटेतला लांबचा टप्पा, त्यात एकादशीचा उपास. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. पायाखाली तापलेलं डांबर, आणि वळणावर मागे पाहिलं तर खालपर्यंत पताकाच पताका. वाटेवर लोक फुकट चपला शिवून देतात, पाय चोळून देतात, दाढी करून देतात. खेळाडूने एक दिवस चालावं आणि एक दिवस रस्त्याकडेला बसून चपला शिवाव्यात. माझ्या मते दुसरा दिवस जास्त आवडेल लोकांना.

मग जेजुरीचा भंडारा, नीरेचं स्नान, चांदोबाचा लिंब या ठिकाणी पहिलं उभं रिंगण, म्हणजे दुतर्फा उभ्या वारकऱ्यांमधून अश्वाची दौड. अश्व धावून गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकतात, ते दाखवावं. नुसता घोडा दाखवून भागणार नाही.

पण गेम फक्त देखणा असला तर मला चालणार नाही. वारीतल्या बायका पहाटे दोन-अडीचला उठतात, कारण उजाडल्यावर आडोसा मिळत नाही. आई तिच्या मैत्रिणींबरोबर अंधारात बॅटरी घेऊन जायची, एकीने उभं राहून लक्ष ठेवायचं. एका वर्षी पावसात, चिखलात त्यांच्यातली एक घसरली, मनगट मोडलं, वारी तिथेच सुटली. आता फिरती शौचालयं वाढली आहेत, तरी सगळीकडे पुरत नाहीत. ज्याने हा गेम काढावा त्याने बाईच्या पायांनी वारी करायचा पर्याय द्यावा आणि ही पहाट त्यात ठेवावी. ती गाळून केलेली वारी खोटी होईल.

देवाधर्माचा धंदा होईल अशी भीती मला काहींनी बोलून दाखवली. ती रास्त आहे, मलाही वाटते. म्हणून काही गोष्टी नकोच. पैसे भरून टप्पा ओलांडता येता कामा नये. कोण किती पुढे याची यादी नको. विठ्ठल पात्र म्हणून हिंडता-बोलता नको, चमत्कार नकोत. शेवटी गाभाराही दाखवू नये. कित्येक वारकरी रांगेची गर्दी पाहून चंद्रभागेत स्नान करतात, कळसाचं दर्शन घेतात आणि परत फिरतात. माझ्या आईने एकोणीसपैकी बाराएक वर्षं कळसच पाहिला. गेम तिथे संपावा, नदीकाठी, आणि मग वाटेत भेटलेल्यांची नावं यावीत.

हे अशक्य नाही. ‘राजी’ हा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने केला, २०२० मध्ये तो जगभर खेळला गेला. मोठा पैसाही लागेलच असं नाही. टोरांटोमधल्या छोट्या स्टुडिओचा ‘वेण्बा’ २०२३ मध्ये आला. परदेशात राहणारी एक तमिळ आई इडली, पुट्टू करते, तिच्या जुन्या वहीतल्या पाककृतीतले पुसलेले शब्द आपण जुळवायचे. दीड तासाचा गेम, आणि त्याला ब्रिटनचा बाफ्ता पुरस्कार मिळाला. अलास्कातल्या इन्युपियाक लोकांबरोबर बसून २०१४ मध्ये ‘नेव्हर अलोन’ केला गेला, त्यात गोष्ट सांगणारा आवाज त्यांच्याच भाषेत बोलतो. आपला गेमही तसाच मराठीत बोलावा. परभणीची बाई परभणीचं बोलावी, जळगावची जळगावचं. इंग्रजी खाली अक्षरांत येऊ दे.

अडीचशे किलोमीटरही नकोत पहिल्या फटक्यात. सासवड ते जेजुरी, एक दिवस करा. पहाटेचा काकडा, ट्रकवर सामान चढवणं, चालणं, दुपारची पंगत, पिठलं-भाकरी, भंडारा, संध्याकाळची समाज आरती. एवढं नीट जमलं तरी मी डोळे मिटून पैसे देईन.

आईचा गुडघा आता साथ देत नाही. तिच्याकडे एक निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आहे. एकोणीस वर्षांचे मुक्काम आहेत त्यात. कुठल्या गावात टँकर किती वाजता येतो, तरडगावच्या पुढे सावली कुठे, कुठल्या वाड्यातली म्हातारी बायकांना न्हाणीघर वापरू देते, कुठल्या वर्षी त्या वाड्याला कुलूप दिसलं. मी तिला गेमचं सांगितलं तेव्हा ती आत गेली, वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, “रस्ता चुकवू नका म्हणजे झालं.”

सगळी पानं मी स्कॅन करून ठेवली आहेत. पुण्यात, नागपुरात, कुठेही कुणी गेम करणारं हे वाचत असेल, तर मला लिहा. पाठवते.