‘भडक’ हा शब्द मागे घेतो, आक्षेप मात्र नाही

सप्रेम नमस्कार.

‘दशावतार’ आणि ‘साबर बोंडं’ या दोन मराठी चित्रपटांवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. दोन ओळींत आभार मानून ती बाजूला सारावी, अशी ती नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे : ‘प्रतिक्रिया संमिश्र आहेत’ असे लिहून मी स्वतःचे मत लपवले, ‘दशावतार’चा उत्तरार्ध मला भडक वाटला याचे कारण मी तो अंधेरीच्या मल्टिप्लेक्समध्ये पाहिला, लालबाग-परळच्या चाकरमान्यांमध्ये बसून पाहिला असता तर तसे वाटले नसते, ‘साबर बोंडं’चे मौन मला कला वाटते आणि ‘दशावतार’चा आवाज खुपतो, हा दुजाभाव आहे, आणि चित्रपट पडद्यावर असताना असे लिहिल्याने मराठी चित्रपटाचे खेळ कमी होतात. शेवटी आपण विचारले आहे, की मी दशावताराचा, म्हणजे कोकणातल्या त्या लोकनाट्याचा, खेळ उभ्या आयुष्यात कधी पाहिला आहे का, आणि नसेल तर आपल्या गावच्या जत्रेला यावे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. मी दशावतार एकदाच पाहिला आहे, तोही सिंधुदुर्गात नव्हे तर भांडुपच्या एका मालवणी जत्रोत्सवात, माइक लावलेला आणि अडीच तासांत आटोपलेला. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत रात्र सरेपर्यंत चालणारा, एका बाकड्याशिवाय रंगमंचावर काहीही नसलेला आणि लिखित संहितेवाचून नटांनी आख्यानाच्या आधारे जागच्या जागी संवाद रचत नेलेला खेळ मी पाहिलेला नाही. त्यामुळे आपला प्रश्न बोचला, हे मान्य करतो.

आपली प्रतिक्रिया वाचल्यावर मी ‘दशावतार’ दुसऱ्यांदा पाहिला, या वेळी दादरला, रात्रीच्या खेळाला. अनंत चतुर्दशीनंतर सहाच दिवसांनी, १२ सप्टेंबर २०२५ रोजी तो प्रदर्शित झाला होता. म्हणजे गणपतीला गावी गेलेले चाकरमानी नुकतेच मुंबईत परतले होते आणि गावाची माती त्यांच्या चपलांवरून अजून पुरती झडली नव्हती. अंधेरीला माझ्या आसपास ज्या मालवणी वाक्यांना शांतता होती, त्यांना दादरला हशा होता, आणि काही वाक्यांना तर पडद्यावरील नटाच्या आधीच मागच्या रांगेतून उत्तर येत होते. अंधेरीत कर्कश वाटलेली झांज तिथे कोणालाच कर्कश वाटत नव्हती. शंकासुर या राक्षसाच्या प्रवेशाला पोरे ओरडतात, राजाराक्षसांची लढाई झांज-पखवाजाच्या ठेक्यावर नाचत होते, नट आपला चेहरा स्वतः रंगवतो आणि तो रंग दूर बसलेल्या म्हातारीलाही दिसेल इतका गडद लावतो. या परंपरेवर उभ्या असलेल्या चित्रपटाला मी ‘भडक’ म्हटले, तेव्हा मी त्याला दुसऱ्याच घरातली फूटपट्टी लावली होती. तो शब्द मी लेखातून काढला आहे आणि काढल्याची नोंद तिथे ठेवली आहे.

‘संमिश्र’ या शब्दाबाबतही आपला आक्षेप योग्य आहे, पण वेगळ्या कारणासाठी. मी मत लपवले नव्हते. मी दोन निराळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या होत्या. माझे स्वतःचे मत दुभंगलेले होते, कारण पूर्वार्धात मी गुंतलो आणि उत्तरार्धात दुरावलो. प्रेक्षकांचे तसे नव्हते. अंधेरीला बाहेर पडताना एक बाई डोळे पुसत होत्या आणि त्यांच्या सोबतचा तरुण मध्यंतरानंतर मोबाइल उघडून बसला होता. त्या दोघांची सरासरी काढली तर पाचांपैकी तीन तारे येतात, पण तीन तारे देणारे त्या दोघांपैकी कोणीच नव्हते. ज्या चित्रपटावर माणसे अशी टोकाला जाऊन विभागली जातात, तो ‘बरा आहे’ या सदरात बसत नाही, आणि मी त्याला नेमके तिथेच बसवले होते.

दुजाभावाच्या आरोपापैकी अर्धा मान्य करतो. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ १९ सप्टेंबरला, म्हणजे बरोबर एका आठवड्याने आला. जानेवारीत सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक चित्रपट विभागातील कथापटाचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळाले होते, आणि त्या बातमीने मी आधीच नमलेला होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेल्या समलिंगी आनंदची ती गोष्ट आहे. तिच्यातील दोन-तीन प्रसंगांत कॅमेरा केवळ थांबायचे म्हणून थांबतो, असे मला पाहतानाच वाटले होते. लेखात ते आले नाही. हळू चालणाऱ्या चित्रपटाला ‘कंटाळवाणा’ म्हणताना आपण अडाणी ठरू, ही भीती समीक्षा लिहिणाऱ्याला असते. मोठ्या आवाजाच्या चित्रपटाला नावे ठेवताना अशी भीती नसते. मात्र ते मौन ढोंगी आहे असा आपला सूर मला पटत नाही. सुतकाच्या घरात अनवाणी वावरणारा, मामा-काकांच्या ‘लग्न कधी’ या प्रश्नाला उत्तर न देणारा आनंद गप्प राहतो, कारण त्या घरात त्याला बोलायला जागाच नाही.

खेळ कमी होण्याविषयी मात्र आपला राग चुकीच्या पत्त्यावर आला आहे. मल्टिप्लेक्समध्ये सुरुवातीचे वाटप प्रदर्शनाच्या आदल्या एक-दोन दिवसांत ठरते आणि पुढचे वाटप पहिल्या शनिवार-रविवारच्या गर्दीवर. मराठी चित्रपटाला सकाळी अकराचा किंवा रात्री अकराचा खेळ मिळतो, तेव्हा समीक्षेचा एक शब्दही छापून आलेला नसतो. २०१५ मध्ये राज्य सरकारला मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटासाठी मुख्य वेळेतील खेळाची सक्ती जाहीर करावी लागली, ती समीक्षकांमुळे नव्हे. आणि ‘दशावतार’चेच पाहा : शुक्रवारपेक्षा शनिवारी आणि शनिवारपेक्षा रविवारी गर्दी वाढत गेली. ती आपल्यासारख्यांनी फोनवर एकमेकांना सांगितल्यामुळे वाढली. माझ्यासारख्याच्या लेखाने ना वाढली असती, ना घटली असती.

आता ज्या आक्षेपावर मी ठाम आहे, तो सांगतो. दुसऱ्यांदा पाहिल्यावर तो अधिकच पक्का झाला, आणि या वेळी फूटपट्टी दशावताराचीच आहे. भांडुपच्या त्या अडीच तासांतही एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली होती, ती म्हणजे राक्षसाला मिळणारा मान. त्याला स्वतंत्र प्रवेश होता, लांबलचक संवाद होते, देवाला अडचणीत टाकणारे प्रश्न विचारण्याची मुभा होती. प्रेक्षक त्याला घाबरत होते आणि त्याच्या बोलण्याला टाळ्याही देत होते. राक्षस तोलामोलाचा असला तरच त्याला मारणारा देव मोठा होतो. चित्रपटात राक्षसाच्या जागी असलेले खाणवाले मात्र पडद्यावर आल्याक्षणीच हरलेले असतात. कोकणात खाण का येते, गावातली माणसे जमिनी का देतात, तिथल्या तरुण मुलाला ती खाण काही काळ तरी संधी का वाटू शकते, यातला एकही अवघड प्रश्न त्यांच्या तोंडी नाही. दिलीप प्रभावळकर यांनी वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी जे केले आहे, त्याला समोरून तोडीस तोड संवाद मिळायला हवे होते. ‘हसवाफसवी’त सहा भूमिका एकट्याने उभ्या करणाऱ्या या नटाला सोंग बदलणे नवे नाही; डोळ्यांची दृष्टी जात चाललेला, त्यांनी साकारलेला दशावतारी नट बाबुली जेव्हा हाताच्या सवयीने चेहरा रंगवतो, तेव्हा दादरचे अख्खे सभागृह गप्प झाले होते. अशा माणसासमोर पुठ्ठ्याचे राक्षस उभे केले, ही माझी तक्रार आहे. लेखात ती ‘भडक’ या आळशी शब्दाआड झाकली गेली होती, त्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचली नाही. आता तिथे हा परिच्छेद घातला आहे. आपण तो खोडून काढावा. मालवणी परंपरेतील खलपात्रांविषयी आपल्याला माझ्यापेक्षा नक्कीच अधिक ठाऊक असेल.

जत्रेचे आमंत्रण मी मनापासून स्वीकारतो. तिथी ठरली की तारीख लवकर कळवावी, कारण कोकणकन्या एक्स्प्रेसचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते आणि पाहता पाहता संपते.