झडती ‘फॉर’ची

सांबारवडीत (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) बॉलपेन खुपसलेलं तुम्ही कधी पाहिलंय का? मी काल पाहिलं. वडी माझी, पेन सुरक्षारक्षकाचं आणि स्थळ सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयाचं फाटक. कार्यालयाचं नाव घेत नाही. काम अजून तिथेच अडकलंय.

डिसेंबर म्हणजे अधिवेशनाचे दिवस. त्या दिवसांत नागपुरात दिसेल त्या फाटकावर झडती सुरू होते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पाटीबद्दल आहे. नवीकोरी पाटी होती. वर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘युवर बॅग विल बी सर्च्ड फॉर’ आणि खाली मराठीत, ‘आपल्या बॅगेचा शोध घेतला जाईल’. म्हणजे बॅग हरवली असेल तर या, आम्ही हुडकून देतो! माझी तर खांद्यावरच होती.

एका ‘फॉर’नं काय होतं ते सांगतो, कारण हे पाटी रंगवणाऱ्याला कुणीच सांगितलेलं नाही. इंग्रजीत ‘सर्च’च्या लगेच पुढे जे येतं, ते उलथंपालथं केलं जातं. खिसा, घर, बॅग, माणूस. जे हवं असतं ते ‘फॉर’च्या पुढे येतं. पोलिस घर ‘सर्च’ करतात, सुरा ‘सर्च फॉर’ करतात. चोर ‘सर्च’ केला म्हणजे चोर हाताशी आहे आणि त्याचे खिसे तपासले. चोर ‘सर्च फॉर’ केला म्हणजे चोर पळालेला आहे. आपण घसरतो ते मराठीमुळेच. ‘शोधणे’ला आपण हवी ती वस्तू थेट जोडतो (पेन शोधतोय, किल्ली शोधतोय) आणि तेच इंग्रजीत नेऊन ‘आय ॲम सर्चिंग माय पेन’ म्हणतो. ऐकणाऱ्या इंग्रजाला वाटतं, बिचारा रिफिल, स्प्रिंग, टोपण वेगळं करून पेनाच्या पोटात काहीतरी धुंडतोय. खरं तर हा भेद आपल्याकडेही आहे. झडती घ्यायची ती कुणाची तरी, शोधायचं ते काहीतरी. पाटीवर ‘बॅगेची झडती घेतली जाईल’ एवढं लिहिलं असतं तर मी मुकाट्यानं आत गेलो असतो. शंका आली तर सरळ ‘लुक फॉर’ वापरावं, रोजच्या बोलण्यात तेच चालतं. ‘सीक’ला सहसा ‘फॉर’ लागत नाही, पण तो सल्ला, परवानगी, न्याय असल्या भारी मालासाठी राखून ठेवावा. चष्मा ‘सीक’ करू नये.

तर पाटीनं माझ्या डोक्यात इंग्रजी घुसवून ठेवलं होतं, आणि पुढचा घोटाळा त्यातून झाला. ट्रेमध्ये माझ्या डब्याशेजारी एक काळी छत्री पडलेली होती. डिसेंबरात छत्री! रक्षकानं विचारलं, “सर, हे छत्री कोनाची होय?”

मी खांदे उडवले आणि म्हणालो, “सर्च मी!”

हा अमेरिकन बोलीतला वाक्प्रचार आहे. मला काय ठाऊक, माझी झडती घेतलीत तरी उत्तर सापडायचं नाही, असा त्याचा भाव. रक्षक म्हणाला, “हात वर करा.”

“अहो, तसं नाही. त्याचा अर्थ, मला माहीत नाही.”

“मंग माहीत नाही म्हना ना सर. सर्च करा कायले म्हनता?”

इथे मागचे काका पुढे सरकले. गालात खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, त्यामुळे हनुवटी आभाळाकडे. आतला ऐवज सांडू नये अशा बेतानं, ओठांच्या एका कोपऱ्यातून ते बोलले, “घ्या हो झडती. त्यायनं सोताच परमिशन देल्ली. म्या ऐकलं. मी पंच.”

“काका, इथे पंच लागत नाहीत.”

“दोन लागते. कायद्यात हाय. त्याच वस्तीतले, प्रतिष्ठित.” काकांनी मागच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला. “हा दुसरा.” पोराच्या कानात इअरफोन होते. त्यानं प्रतिष्ठितपणे मान डोलावली.

“आन व्हिडिओ काढा लागते,” असं म्हणत काकांनी मोबाइल काढला. “नवा कायदा. एक जुलै चोवीसपासून.”

चीड याची येते, की काका चुकत नव्हते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सांगितलेलंच आहे. त्या परिसरातले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच तर जुन्या १९७३ च्या संहितेतही होते. फक्त हे सगळं पोलिसांच्या तपासातल्या झडतीसाठी आहे, फाटकावरच्या सांबारवडीसाठी नाही. पण खर्रा गालात असलेल्या माणसाशी वाद घालणारा नागपुरात टिकत नाही. तो उत्तर देत नाही, फक्त हनुवटी आणखी वर करतो.

मग माझं ‘फ्रिस्क’ झालं. कपड्यांवरून हात फिरवून चाचपणं, त्याला हा शब्द. मूळ अर्थ बागडणं. इंग्रजीत कोकरं अजूनही ‘फ्रिस्क’ करतात. हात वर करून उभं राहिलेल्या पन्नाशीच्या माणसाला ही व्युत्पत्ती आठवू नये. हातातला डिटेक्टर पट्ट्याच्या बकलावर वाजला, किल्ल्यांवर वाजला. त्यात तारेचं वेटोळं असतं. त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं जवळच्या धातूत बारीक वीजप्रवाह फिरू लागतो, आणि तो जाणवला की यंत्र ओरडतं. ॲल्युमिनियमवरही ओरडतं. मात्र दांडी अंगाजवळून सावकाश फिरवावी लागते. हा तर माशा हाकलल्यासारखी फिरवत होता. शिवाय प्लास्टिक त्याला दिसतच नाही, म्हणून काकांच्या खिशातली खर्र्याची पन्नी सुखरूप आत गेली. वडी मात्र डबा उघडून, पेन खुपसून तपासली गेली. इंग्रजीत याला ‘रॅनसॅक’ म्हणतात. हा जुन्या नॉर्स भाषेतला शब्द. मूळ अर्थ घराची झडती घेणं एवढाच, पुढे त्याचा नासधूस करणं झाला. कसा झाला, ते माझ्या वडीला विचारा.

चित्रीकरण संपल्यावर रक्षकानं पुन्हा विचारलं, “पन हे छत्री कोनाची होय?”

“माहीच होय,” काका म्हणाले.

“मंग आंधी काहून नाही सांगतलं?”

“मले कोनी इचारलं? तुमी त्यायले इचारलं.”

छत्री काखेत मारून पंच क्रमांक एक आत गेले. व्हिडिओत पूर्ण वेळ त्यांचा अंगठाच आला होता. ते मला दाखवायला मात्र ते विसरले नाहीत.

आतलं काम फायलीचं होतं. बाबूंनी संगणकावर माझं आडनाव टाकलं. “सर्च मारला, दाखवत नाही.” मारला! आडनाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहिता येतं. असल्या यंत्राला अर्थ कळत नाही, अक्षरं कळतात. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की तुम्ही जगात नाही. मी फाइल क्रमांक पुढे केला, तर म्हणाले, नावानंच निघते. ‘सर्च’चा उगम लॅटिनमधल्या गोल गोल फिरण्याच्या क्रियापदात आहे, ‘सर्कस’चा आणि त्याचा गोतावळा एकच. हे मी या टेबलावरून त्या टेबलावर फिरताना मनात घोकत होतो. आपल्या ‘शोध’चं मूळ ‘शुध्’मध्ये, म्हणजे स्वच्छ करण्यात. त्या कपाटांवरची धूळ पाहता तिथे हे दोन्ही अर्थांनी कुणी केलेलं नाही. माणसाची झडती तीन मिनिटांत होते, कपाटाची तीन महिन्यांत होत नाही, आणि वर आपल्यालाच विचारतात, झेरॉक्स आणली का?

दुपारी बाहेरच्या कट्ट्यावर डबा उघडला. तिसऱ्या वडीत दाताखाली निळं टोपण आलं.

ते पुसून खिशात टाकलं आणि फाटकाकडे निघालो. रक्षक टेबलाखाली वाकून काहीतरी धुंडत होता.

“काय हरवलं?”

“पेनाचं टोपन सर्च करून राह्यलो, सर. तुमी पाह्यलं का?”

‘सर्च फॉर’, असं अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं, दोन्ही हात वर केले आणि म्हणालो, “सर्च मी.”

“जा ना सर,” तो टेबलाखालूनच म्हणाला. “बाहेर जानाऱ्याची चेकिंग नाही रायत.”