हुरहुर कसली, ताल ऐका!

विशीतली पोरं सत्तरच्या दशकातला रॉक ऐकतात ते निव्वळ ‘उसनं स्मरणरंजन’, हे एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. ज्या काळात जन्मलोच नव्हतो, त्याची हुरहुर आम्हाला कुठून लागणार? पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं १९७३चं ‘मनी’ हे गाणं घ्या. नाण्यांचा खणखणाट, गल्ल्याच्या यंत्राचे आवाज सात मात्रांत फिरत राहतात. सॅक्सोफोनही त्याच सातांत. गिटारचा सोलो सुरू झाला की ताल सरळ चारावर येतो. पहिल्यांदा हेडफोनवर ऐकताना पायाचा ठेका पार चुकला, म्हणून तर लगेच परत लावलं!

आणि लांबलचक गाणी आम्हाला झेपत नाहीत म्हणे. पिंक फ्लॉइडचंच ‘एकोज’ २३ मिनिटांचं आहे. मधले भुताटकीचे आवाज जरा ताणलेत (माझं मत, चाहत्यांनी तुटून पडू नये), तरी मी ते गाळून पुढे जात नाही.