ती सही माझी होती

सकाळपासून बॅचच्या ग्रुपवर एकच विषय चाललाय. भूलशास्त्राचा एक रेसिडेंट डॉक्टर ड्युटीवर असताना बाथरूममध्ये बेशुद्ध सापडला. हाताला कॅन्युला, म्हणजे शिरेत औषध सोडायची नळी, तशीच. वेळेवर दार तोडलं म्हणून वाचला. आणि आमच्या ग्रुपवर काय? "ब्रँचचं नाव घालवलं." "असल्यांचं रजिस्ट्रेशन कायमचं रद्द करा." "मला आधीपासूनच डाऊट होता."

हा तिसरा मेसेज वाचला आणि माझं डोकं फिरलं. डाऊट होता, मग बोलला का नाहीस?

हे मी तावातावाने विचारतेय खरी, पण मलाही डाऊट आला होता. काही वर्षांपूर्वी, माझ्याच बॅचमेटबद्दल. भूल देण्यात त्याचा हात धरणारं आमच्यात कुणी नव्हतं. तो स्वतःहून जास्तीच्या नाइट मागून घ्यायचा. स्क्रब्जच्या आत कायम पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. थोडा वेळ बाहेर जाऊन ये, मी बघते म्हटलं तर "तू जा गं, मी आहे." आणि त्याचे पेशंट रिकव्हरीत कण्हत यायचे. चार्टवर फेंटानिल, म्हणजे भुलीत देतात ते अफूच्या जातीचं जबर वेदनाशामक, भरपूर लिहिलेलं, आणि समोर बाई चादर मुठीत आवळून पडलेली. मी वरून वेदनाशामक द्यायचे आणि पुढच्या केसला लागायचे.

ॲम्प्युलमधलं, म्हणजे काचेच्या कुपीतलं, उरलेलं औषध दोघांच्या समोर टाकायचं आणि नोंदवहीत दोघांनी सही करायची, हा नियम कुणी ते चोरून स्वतःला टोचू नये म्हणून असतो, हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. तो वही पुढे करायचा, "अर्धा सीसी वाया, सही कर." मी करायचे. सिरिंज रिकामी होताना मी एकदाही तिथे उभी राहिले नाही. मैत्री होती ना!

कसली मैत्री? भीती होती ती. आपण बोललो आणि चुकीचं निघालं तर? खरं निघालं तर त्याचं करिअर गेलं, आणि आपण चुगलखोर ठरलो. म्हणून आधी गप्प बसायचं, आणि उघडकीला आलं की सगळ्यांत मोठा दगड आपणच मारायचा. आपली जमात हे पिढ्यान् पिढ्या करत आलीये. अमेरिकन सर्जन हॉल्स्टेड आठवतो ना, ज्याच्या रेसिडेन्सीच्या पद्धतीत आपण सगळे घासून निघालो? १८८० च्या दशकात कोकेनने जागा बधिर करण्याचे प्रयोग त्याने स्वतःवर केले, त्यात अडकला, नंतर मॉर्फिनवर गेला. त्याचा जॉन्स हॉपकिन्समधला सहकारी डॉक्टर ऑस्लर, त्याला माहीत होतं. त्याने ते लिहून ठेवलं आणि कागद बंद करून ठेवले. ते उघडले थेट १९६९ मध्ये. हॉल्स्टेड १९२२ लाच गेला होता.

हो, पेशंटची सुरक्षितता आधी. मान्य. असा डॉक्टर त्याच दिवशी ओटीबाहेर, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेर हवा, यात वाद नाही. त्या चादर आवळणाऱ्या बाईचा गुन्हेगार माझा मित्र होता, आणि मीही. पण ओटीबाहेर काढणं वेगळं आणि वाऱ्यावर सोडणं वेगळं. हाच व्यसनाचा आजार घेऊन कुणी आपल्या ओपीडीत आला तर आपण त्याला "चारित्र्य नाही" म्हणतो का? काही देशांत डॉक्टरांसाठी वेगळे कार्यक्रम आहेत. आधी उपचार, मग पाच-पाच वर्षं देखरेख, कधीही बोलावून लघवीची तपासणी. त्यातले बरेच जण पुन्हा कामाला लागतात. कडकपणा आणि माया एकत्र नांदू शकते, हे आपल्याला अजून का पटत नाही?

माझा मित्रही सापडला. मी सांगितल्यामुळे नाही, ॲम्प्युलचा हिशेब लागेना म्हणून. त्याच संध्याकाळी त्याला खोलीवर पाठवून दिलं. एकट्याला! उघडं पडल्यानंतरची पहिली रात्र फार धोक्याची असते, माणूस जिवाचं बरंवाईट करू शकतो, हे त्याला पाठवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असायला हवं होतं. तो जगला, कारण त्याची बहीण योगायोगाने त्याच रात्री येऊन थडकली.

दीड वर्षाने तो परतला. आता ओटीत नाही, दुसऱ्या ब्रँचमध्ये. उपचारात महिनोन् महिने काढल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि जुना डोस एका दमात श्वास थांबवू शकतो, म्हणून त्याने स्वतःच तो रस्ता सोडला. मी भेटायला गेले तेव्हा काय बोलावं सुचेना. त्यानेच विचारलं, "तुला कळलं होतं ना?" मी मान हलवली. "मी रोज वाट बघायचो, आज कुणीतरी सही करायला नाही म्हणेल." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. त्या मुलाच्या युनिटमधल्या एका ज्युनिअरला फोन केला. विचारलं, "त्याच्याजवळ आत्ता कोण बसलंय?"

ती म्हणाली, "मॅडम, माहीत नाही."

मी निघतेय. जाऊन बसते.