घरे बांधून द्यायची आणि डागडुजीच्या वेळी हात आखडता घ्यायचा, हे कुठवर?

अमेरिकेतल्या सार्वजनिक घरांचा, म्हणजे स्थानिक प्राधिकरणांच्या मालकीच्या आणि गरिबांना कमी भाड्याने दिलेल्या घरांचा, विषय निघाला की ‘सरकारने या लोकांना किती दिवस पोसायचे’ हा सूर इथल्या आपल्या मराठी मंडळींतही ऐकू येतो, आणि मला तो दरवेळी खटकतो, कारण केंद्राकडून स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणांना मिळणारा पैसा हा दानधर्म नसून केंद्राने स्वतःच पत्करलेली जबाबदारी आहे.

1937 च्या गृहनिर्माण कायद्याने वाटणी सोपी केली होती: बांधकामासाठी काढलेले कर्ज केंद्राने फेडायचे आणि रोजचा खर्च प्राधिकरणाने भाड्यातून भागवायचा. इमारती जुन्या झाल्या, महागाई वाढली, भाडेकरू अधिकाधिक गरीब कुटुंबांतले येऊ लागले, तेव्हा प्राधिकरणांनी भाडी वाढवली. 1969 मध्ये सेंट लुईसच्या भाडेकरूंनी भाडे भरणेच बंद केले. त्याच वर्षी सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीने भाड्याला उत्पन्नाच्या 25 टक्क्यांची मर्यादा घातली. 1981 मध्ये ती 30 टक्क्यांवर गेली. ही मर्यादा योग्यच होती, पण ती काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, घातली असल्यामुळे तिच्यामुळे पडणारी तूट भरून देणेही काँग्रेसवरच येते.

समजा, एका वृद्ध बाईंचे हिशेबात धरलेले मासिक उत्पन्न 1,000 डॉलर आहे. त्यांचे भाडे 300 डॉलर होईल. घर चालवायला 700 डॉलर लागत असतील, तर 400 डॉलर अनुदान हवे. केंद्राचे गृहनिर्माण खाते सूत्राने गरज ठरवते, परंतु काँग्रेसची तरतूद अपुरी असली की सगळ्यांच्याच रकमेला कात्री लागते. नव्वदच टक्के मिळाले, तर पाचशे घरांच्या वसाहतीत महिन्याला 20,000 डॉलर कमी पडतात. मग प्लंबरची रिकामी जागा भरली जात नाही, आणि भिंतीतला गळका पाइप न बदलता वरून नुसता रंग मारला जातो. बुरशी पुन्हा येते.

मोठ्या दुरुस्तीच्या निधीची स्थिती याहून वाईट आहे. खात्यानेच करवून घेतलेल्या 2010 च्या अभ्यासात तुंबलेली कामे सुमारे 26 अब्ज डॉलरची निघाली, शिवाय दरवर्षी 3.4 अब्जांची नवी भर पडणार होती; तरीही पुढची कित्येक वर्षे तरतूद दोन अब्जांच्या आसपासच राहिली. 2023 मध्ये एकट्या न्यूयॉर्कच्या प्राधिकरणाने पुढील 20 वर्षांची गरज 78 अब्ज डॉलर असल्याचे सांगितले.

यावर तोडगा म्हणून गेल्या दशकात हजारो घरे ‘सेक्शन 8’ च्या, म्हणजे भाड्यातला फरक केंद्राकडून घरमालकाला देणाऱ्या योजनेच्या, दीर्घ मुदतीच्या करारांखाली नेण्यात आली. इमारत तीच, भाडेकरू तेच, उत्पन्नही तेच. पण करार बदलताच बँका कर्ज द्यायला तयार होतात, कारण त्या करारांचा पैसा वेळेवर आणि पुरेसा येतो, असा त्यांचा अनुभव आहे. मग हाच भरवसा मूळ सार्वजनिक घरांना का देऊ नये? देखभालीचे अनुदान सूत्राप्रमाणे पूर्ण द्यावे आणि दुरुस्तीचा निधी अनेक वर्षांसाठी एकदम मंजूर करावा, ही मागणी इथे मतदान करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या काँग्रेस सदस्याकडे लेखी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.